स्क्रिप्ट हाताने चालते, मग रात्री का अडकते?

सांगली जिल्ह्यातल्या एका दूध संघात मी संगणकाचे काम पाहतो. महिन्याच्या १, ११ आणि २१ तारखेला पहाटे गावोगावच्या दूध संस्थांचे दहा दिवसांचे हिशेब एकत्र होतात, त्यातून उत्पादकांची खाती आणि रकमा यांची एक फाइल तयार होते आणि माणसाचा हात न लागता ती बँकेच्या सर्व्हरवर जाते. बँक ती वाचून पैसे जमा करते आणि कोणाचे जमा झाले, कोणाचे परत आले याची उलट फाइल आमच्याकडे पाठवते. हे सुरळीत चालते तेव्हा कोणाच्या ध्यानातही येत नाही. ज्या दिवशी अडते त्या दिवशी मात्र पेंडीची उधारी भागवायला निघालेला माणूस सकाळी नऊलाच पासबुक घेऊन दारात उभा असतो. त्याला उत्तर देताना 'सर्व्हर डाउन आहे' हे शब्द पुरे पडत नाहीत, आणि बहुतेक वेळा ते खरेही नसतात.

अशा आपोआप चालणाऱ्या फाइल-वाहतुकीत दोन वेगळ्या यंत्रणा एकमेकींशी बोलत असतात. आमच्याकडे हिशेबाचा संगणक विंडोजवर आहे, फाइल गोळा करून पुढे पाठवणारा सर्व्हर लिनक्सवर आहे, आणि बँकेकडे काय आहे ते आम्हाला दिसत नाही. दिसतो तो एक पत्ता, एक वापरकर्ता-नाव आणि दोन फोल्डर, एक देण्याचा आणि एक घेण्याचा. या सगळ्यांना जोडणारी स्क्रिप्ट म्हणजे ओळीने लिहून ठेवलेल्या आज्ञांची यादी असते: अमुक ठिकाणची फाइल घे, तमुक सर्व्हरवर जा, आपली ओळख पटव, फाइल ठेव, बाहेर ये.

नावांचा घोटाळा आधी मिटवणे बरे, कारण पहिली अडचण अनेकदा तिथेच असते. फाइल पाठवण्याची जुनी पद्धत एफटीपी. तिचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिला; ते आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी आणि त्या वेळी अमेरिकेत एमआयटीमध्ये होते. त्या काळी जाळ्यावरचे संगणक मोजके आणि ओळखीचे असल्यामुळे पासवर्ड उघडाच जात असे. १९९५ मध्ये फिनलंडमधल्या 'हेलसिंकी तंत्रविद्यापीठा'च्या जाळ्यावर कोणीतरी पासवर्ड चोरून ऐकले आणि त्यानंतर तिथल्या तातू युलनेन यांनी एसएसएच तयार केले, ज्यात दोन्ही टोकांमधला सगळा संवाद सांकेतिक होतो. एसएफटीपी ही या एसएसएचच्या आतून चालणारी, मुळातच वेगळी पद्धत आहे आणि ती सहसा २२ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे सर्व्हरच्या त्या क्रमांकाच्या दारावर, असते. जुन्या एफटीपीलाच सुरक्षेचे कवच चढवले की होते ते एफटीपीएस, आणि त्याचे पोर्ट व नियम निराळे आहेत. पत्रव्यवहारात एका 'एस'ची जागा बदलते आणि आपण दिवसभर चुकीच्या दारावर थाप मारत बसतो.

पावसाळ्यात सांगलीकर पाण्याचा अंदाज कसा घेतात ते पाहण्यासारखे आहे. आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट हे सगळ्यांना पाठ असते, पण जाणता माणूस तेवढ्यावर थांबत नाही. कराडला किती आहे, बहे पुलाला किती, ताकारीला किती, भिलवडीला किती असे तो वरून खाली विचारत येतो आणि पाणी कुठपर्यंत आले आहे ते ठरवतो. अडकलेली फाइल शोधण्याची रीत नेमकी हीच आहे. स्क्रिप्ट का चालली नाही असा ढोबळ प्रश्न विचारून उत्तर मिळत नाही. ती कुठपर्यंत पोहोचली होती असे विचारले की मिळते. आणि ते कळेपर्यंत स्क्रिप्टमधले एक अक्षरही बदलू नये, कारण घाईत केलेल्या चार बदलांपैकी कशाने गुण आला आणि कशाने नवे दुखणे लागले हे नंतर सांगता येत नाही.

पहिला टप्पा रस्त्याचा. सर्व्हरकडून येणारे इंग्रजी संदेश आपण एकसारखेच समजतो, पण त्यांचे अर्थ वेगळे आहेत. 'कनेक्शन टाइम्ड आउट' याचा अर्थ आपली हाक गेली आणि कोणीच ओ दिली नाही. मधल्या फायरवॉलने, म्हणजे जाळ्याच्या राखणदाराने, ती गिळली असण्याची शक्यता मोठी असते. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे त्या पत्त्यावरून सहसा यंत्राने स्वतः उत्तर दिले, पण त्या पोर्टवर ऐकायला कोणी बसलेले नाही. इथे पोर्टचा क्रमांक तपासावा किंवा पलीकडची सेवा बंद आहे का ते विचारावे. बँका सहसा ठरावीक सार्वजनिक आयपी पत्त्यांवरूनच (इंटरनेटवर आपली जोडणी ज्या क्रमांकाने ओळखली जाते त्यावरूनच) जोडणी घेतात, त्यामुळे आपल्याकडची इंटरनेटची लाइन बदलली किंवा मुख्य लाइन तुटून पर्यायी लाइन सुरू झाली की पत्ता बदलतो आणि काल चालणारी स्क्रिप्ट आज मुकाट थांबते. कार्यालयात इंटरनेट तर छान चालू असते, म्हणून हे कारण सुचायलाच उशीर होतो.

दुसरा टप्पा सर्व्हरची ओळख पटवण्याचा आहे आणि इथे मला आग्रहाने काही सांगायचे आहे. प्रत्येक एसएसएच सर्व्हरची एक स्वतःची किल्ली असते. पहिल्या भेटीत आपला संगणक तिचा ठसा नोंदवून ठेवतो आणि पुढच्या प्रत्येक वेळी ताडून पाहतो. ठसा जुळला नाही तर 'होस्ट की व्हेरिफिकेशन फेल्ड' असे म्हणून काम थांबते. बँकेने सर्व्हर बदलला असेल तर हे स्वाभाविक आहे. पण मध्येच कोणी तोतया सर्व्हर उभा केला असेल तरीही हेच दिसते, आणि दोन्हींतला फरक संदेशावरून कळत नाही. अनेक जण ही तपासणीच बंद करणारा पर्याय स्क्रिप्टमध्ये टाकतात आणि काम चालू झाले म्हणून निश्चिंत होतात. हजारो उत्पादकांचे खाते क्रमांक असलेली फाइल कोणाच्या हाती देतो आहोत हे न पाहता देण्याची ती कायमची परवानगी ठरते. बँकेच्या आधीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर फोन करावा, नव्या किल्लीचा ठसा अक्षर न् अक्षर जुळवावा आणि मगच जुनी नोंद काढून नवी ठेवावी. याला दहा मिनिटे लागतात.

तिसरा टप्पा आपली ओळख पटवण्याचा. आपोआप चालणाऱ्या कामात पासवर्डऐवजी किल्ल्यांची जोडी वापरतात: खाजगी किल्ली आपल्याकडे, सार्वजनिक किल्ली बँकेकडे. 'परमिशन डिनाइड' हा संदेश जोडणी होतानाच आला तर किल्ली नाकारली गेली आहे. लिनक्सवर खाजगी किल्लीची फाइल इतर कोणालाही वाचता येत असेल तर एसएसएच ती वापरायलाच नकार देते. तिची परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) आणि ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्याची ७०० (फक्त मालकाला उघडता येईल अशी) असावी. विंडोजवरच्या पुटी या प्रोग्रामने बनवलेली किल्ली ओपनएसएसएचला, म्हणजे लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या एसएसएच प्रोग्रामला, जशीच्या तशी वाचता येत नाही, ती रूपांतरित करावी लागते. संगणकावर बऱ्याच किल्ल्या असतील तर आपला प्रोग्राम एकेक करून सगळ्या दाखवत सुटतो आणि बरोबर किल्लीची पाळी येण्याआधीच सर्व्हर कंटाळून दार लावतो. ओपनएसएसएच सर्व्हरची मर्यादा मूळची ६ प्रयत्नांची असते. म्हणून कोणती किल्ली वापरायची ते स्क्रिप्टमध्ये स्पष्ट लिहावे आणि इतर किल्ल्या दाखवू नयेत असेही सांगावे.

कधी कधी मात्र दोन्हीकडे कोणी काही बिघडवलेले नसतानाही किल्ली चालेनाशी होते. सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या ओपनएसएसएच ८.८ मध्ये शा-१ या कमकुवत ठरलेल्या गणिती रीतीवर आधारलेली, आरएसए प्रकारच्या किल्लीने होणारी जुन्या धाटणीची स्वाक्षरी आपोआप स्वीकारणे बंद झाले. पलीकडच्या सर्व्हरने नवी आवृत्ती घेतली आणि आपला प्रोग्राम जुनाच राहिला की वर्षानुवर्षे चाललेली स्क्रिप्ट एका रात्रीत निकामी होते. दोष आरएसए किल्लीचा नसतो, ती वापरून सही करण्याच्या जुन्या रीतीचा असतो. आपल्याकडचा प्रोग्राम अद्ययावत केला की बहुधा तीच किल्ली पुन्हा चालते.

चौथा टप्पा जागेचा. दार उघडले, पण फाइल ठेवता येत नाही. बँका सहसा आपल्याला एका कोंडलेल्या फोल्डरमध्ये उतरवतात, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने जो पत्ता लांबलचक असतो तो आपल्याला निव्वळ एक तिरकी रेघ म्हणून दिसतो. त्यांनी पत्रात लिहिलेला पूर्ण पत्ता स्क्रिप्टमध्ये टाकला की 'नो सच फाइल' असे उत्तर येते. हाताने जोडणी करून आपण कुठे उभे आहोत ते सर्व्हरलाच विचारावे. विंडोजला नावातली मोठी-लहान इंग्रजी अक्षरे सारखीच वाटतात, लिनक्सला ती वेगळी वाटतात, ही गोष्टही इथेच नडते.

आता मथळ्यातल्या प्रश्नाकडे येतो, कारण मला सगळ्यात जास्त रात्री याच प्रश्नाने जागवले आहे. स्क्रिप्ट मी स्वतः चालवली की चालते आणि वेळापत्रकाने चालली की अडते. याचे मूळ असे की आपण संगणकासमोर बसतो तेव्हा आपल्याभोवती बरेच काही आधीच मांडून ठेवलेले असते: आज्ञा कुठे शोधायच्या याची यादी, चालू फोल्डर, जोडलेले ड्राइव्ह, किल्लीचा परवलीचा शब्द लक्षात ठेवणारा मदतनीस प्रोग्राम. लिनक्सचा क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामे सुरू करणारा प्रोग्राम, यातले जवळजवळ काहीच सोबत नेत नाही. म्हणून स्क्रिप्टमधला प्रत्येक पत्ता पूर्ण लिहावा, आज्ञेचासुद्धा. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये 'स्टार्ट इन' ही चौकट रिकामी राहिली तर काम विंडोजच्या सिस्टिम फोल्डरमधून सुरू होते आणि शेजारी ठेवलेली फाइल त्याला सापडत नाही. आपण लॉगइन केल्यावर दिसणारा झेड ड्राइव्ह त्या कामाला दिसत नाही, त्याला सर्व्हरच्या नावासकट जाळ्यावरचा पूर्ण पत्ता द्यावा लागतो. विनएससीपी या विंडोजवरच्या फाइल पाठवणाऱ्या प्रोग्रामने लक्षात ठेवलेला सर्व्हरचा ठसाही ज्या वापरकर्त्याने तो स्वीकारला त्याच्यापुरताच असतो. काम दुसऱ्या खात्याने चालत असेल तर त्याला तो सर्व्हर अनोळखी असतो, म्हणून ठसा स्क्रिप्टमध्येच लिहून ठेवावा.

एक प्रसंग सविस्तर सांगतो. फाइलीच्या नावात त्या दिवसाची तारीख यावी म्हणून मी क्रॉनच्या ओळीतच तारीख काढणारी आज्ञा लिहिली होती. आदल्या संध्याकाळी तीच ओळ उचलून हाताने चालवली तेव्हा फाइल व्यवस्थित गेली. पहाटे पाहिले तर काहीच गेलेले नव्हते, आणि क्रॉनने पाठवलेल्या संदेशात एक अवतरणचिन्ह बंद झाले नसल्याची तक्रार होती. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. अवतरणचिन्ह जागेवर होते. दुपारी उलगडा झाला. तारखेच्या आज्ञेत वर्ष, महिना, दिवस यांच्याआधी टक्क्याचे चिन्ह लागते, आणि क्रॉनच्या ओळीत टक्क्याच्या चिन्हाचा अर्थ 'इथे ओळ संपली' असा होतो. माझी आज्ञा पहिल्या टक्क्यापाशी तुटत होती. त्या चिन्हाआधी उलटी तिरकी रेघ दिली तरी भागते, पण तेव्हापासून मी क्रॉनच्या ओळीत स्क्रिप्टचे नाव आणि लॉगची, म्हणजे कामाच्या नोंदवहीची, जागा एवढेच ठेवतो आणि बाकी सगळे स्क्रिप्टच्या पोटात लिहितो.

तारखेचाच आणखी एक फास आहे. बरेचसे सर्व्हर जागतिक वेळेवर चालतात आणि आपली वेळ त्यांच्या साडेपाच तास पुढे असते. आपल्याकडे ११ तारखेचे पहाटेचे दोन वाजले असताना अशा सर्व्हरवर १० तारखेचे रात्रीचे साडेआठ झालेले असतात. फाइलीच्या नावात १० तारीख पडते, बँक ११ तारखेची फाइल शोधते, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात चालणाऱ्या प्रत्येक स्क्रिप्टमध्ये कोणत्या प्रदेशाची वेळ धरायची ते लिहिलेच पाहिजे.

फाइल पोहोचली तरी मजकूर बिघडू शकतो. विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन खुणा ठेवते, लिनक्स एकच. जुन्या एफटीपीत मजकुराची फाइल म्हणून पाठवली तर हा फरक वाटेत मिटवला जाई. एसएफटीपी सहसा फाइल आहे तशीच नेते. विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट लिनक्सवर 'बॅड इंटरप्रिटर' म्हणून अडते ती याच न दिसणाऱ्या खुणेमुळे. मध्येच कोणी फाइल एक्सेलमध्ये उघडून जतन केली तर खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्ये जातात, आणि १५ पेक्षा जास्त अंकांचा क्रमांक असेल तर पुढच्या अंकांच्या जागी शून्ये येतात. मराठी नावांबद्दल एक बारकावा ध्यानात ठेवण्यासारखा आहे: युनिकोडच्या यूटीएफ-८ या रीतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-वेलांटीसकट, ३ बाइट घेते. नावासाठी ३५ बाइटांची ठरावीक जागा असेल तर तिथे ११ चिन्हेच मावतात आणि बारावे चिन्ह मधोमध कापले जाऊन पुढची सगळी ओळ वाचता येईनाशी होते.

सगळ्यात वाईट दोष तो, ज्यात काहीच अडल्यासारखे दिसत नाही. बँकेची यंत्रणा दर काही मिनिटांनी आमचा फोल्डर पाहून नवी फाइल उचलते. एका महिन्यात आमची लाइन मध्येच लटकली, फाइल अर्धी चढली होती आणि नेमकी तेव्हाच ती उचलली गेली. तुटलेली शेवटची ओळ बाजूला टाकून यंत्रणेने बाकीच्या ओळींचे पैसे जमा केले. फाइल सभासद क्रमांकाने लावलेली असल्यामुळे वरच्या गावांचे बिल आले आणि खालच्या गावांचे नाही. दुपारी एक आजी आल्या आणि म्हणाल्या, "शेजारणीचं आलं, माझं दूध काय कमी पडलं का?" त्यांच्या दुधात काही कमी नव्हते, आमच्या व्यवस्थेत होते. तेव्हापासून फाइल आधी तात्पुरत्या नावाने चढते आणि पूर्ण चढल्यावरच तिला खरे नाव मिळते. बँक फक्त खऱ्या नावाची फाइल उचलते. शेवटच्या ओळीत एकूण नोंदी आणि एकूण रक्कम असते, ती जुळली नाही तर बँक सगळी फाइल परत करते. हीच काळजी आपल्या टोकालाही लागते, कारण हिशेबाचा प्रोग्राम फाइल लिहीत असतानाच पाठवणारी स्क्रिप्ट ती उचलू शकते.

याच कारणाने, अडकलेली स्क्रिप्ट पुन्हा चालवण्याआधी हात आवरावा लागतो. जोडणी तुटली म्हणजे फाइल गेली नाही असे नव्हे. ती पूर्ण पोहोचल्यानंतर शेवटची पोच येताना लाइन तुटलेली असू शकते. तीच फाइल नव्या नावाने पुन्हा गेली आणि बँकेकडे दुबार तपासणी नसेल, तर सगळ्यांना दोनदा पैसे जातात आणि ते परत मागत गावोगाव फिरावे लागते. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी दिवसाचे २४ तास चालते, त्यामुळे रात्री चूक झाली तर सकाळपर्यंत वेळ मिळेल हा जुना आधारही उरलेला नाही. प्रत्येक फाइलीला अनुक्रमांक असावा, गेलेली फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये हलवावी, आणि पुन्हा पाठवताना तोच अनुक्रमांक व तेच नाव ठेवावे. पहिली फेरी संपली नसताना दुसरी सुरू होऊ नये म्हणून स्क्रिप्टला कुलूपही लावावे.

स्क्रिप्टने यशाची खोटी बातमी देऊ नये हे पाहणेही आले. प्रत्येक आज्ञा संपताना एक अंक मागे ठेवते: शून्य म्हणजे काम झाले, दुसरे काही म्हणजे बिघडले. पण एका आज्ञेचा निकाल दुसऱ्या आज्ञेकडे वळवून तिच्याकरवी लॉगमध्ये लिहिला की शेलला, म्हणजे आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामला, सहसा दुसऱ्या आज्ञेचाच अंक दिसतो, आणि ती लॉग लिहिण्यात यशस्वी झालेली असते. मुख्य काम फसलेले असताना 'फाइल यशस्वीरीत्या पाठवली' असा संदेश जातो तो असा. एसएफटीपी नेहमी बॅच रीतीने (आज्ञांची यादी आधीच हाती देऊन) चालवावी, म्हणजे पहिल्या फसलेल्या पायरीलाच ती थांबते, आणि चढवल्यावर पलीकडच्या फाइलीचा आकार परत विचारून आपल्याकडच्याशी ताडून पाहावा.

हे सगळे करूनही गाठ सुटली नाही तर बँकेच्या तांत्रिक विभागाला लिहावे लागते आणि तिथे 'फाइल जात नाही, कृपया पाहावे' एवढ्या पत्राला 'आमच्याकडे सर्व ठीक आहे' हेच उत्तर येते. मी आता पुढील गोष्टी लिहितो: जोडणीची वेळ सेकंदासह आणि कोणत्या प्रदेशाची ते, आपला सार्वजनिक आयपी पत्ता, वापरकर्ता-नाव, सार्वजनिक किल्लीचा ठसा, फाइलीचे नाव व बाइटमध्ये आकार, आणि तपशीलवार लॉगच्या शेवटच्या वीसेक ओळी, ज्या 'व्ही' हा पर्याय तीनदा देऊन एसएसएचकडून मिळतात. खाजगी किल्ली कोणी मागितली तरी पाठवायची नाही, ईमेलने नाही आणि व्हॉट्सॲपने तर नाहीच. गेल्या खेपेला असे पत्र सकाळी साडेनऊला गेले. अकराच्या आत बँकेच्या माणसाने त्याच सेकंदाची नोंद त्यांच्या फायरवॉलमध्ये शोधली, आमचा नवा आयपी पत्ता यादीत घातला, आणि मी तीच फाइल त्याच नावाने पुन्हा पाठवली.